मिथुन उल्कावर्षाव मोजायचा कसा : डिसेंबरच्या एका रात्रीची पूर्ण तयारी

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की व्हॉट्सअॅपवर ठरलेला निरोप फिरू लागतो : "आज रात्री तासाला दीडशे उल्का पडणार, गच्चीवर या!" माणसं गच्चीवर जातात, अर्ध्या तासात दोन-तीन उल्का दिसतात, मान अवघडते, आणि 'सगळं फुगवून सांगतात' असं म्हणत मंडळी खाली येतात. आकडा मात्र खरा असतो. उगमबिंदू (आकाशातल्या ज्या बिंदूपासून या उल्का येताना भासतात तो) बरोबर डोक्यावर असेल, आकाशात ६.५ प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजाचं माप), म्हणजे अगदी मंद तारे दिसत असतील आणि ढगाचा ठिपकाही नसेल, तर एका माणसाला तासाभरात जेवढ्या उल्का दिसतील तो हा आकडा. त्याला झेडएचआर (झेनिथल अवरली रेट) म्हणतात. ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या गच्चीवर या सगळ्या अटी एकदम पुऱ्या होत नाहीत.

तुम्हाला दिसलेल्या उल्कांवरून उलट त्या प्रमाणित आकड्यापर्यंत जाता येतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. वेळ, आकाशाची स्थिती आणि संख्या या तीन गोष्टी प्रामाणिकपणे टिपाव्या लागतात. या तिन्ही असतील तर तुमची रात्र शास्त्रज्ञांच्या कामाची. नुसतीच संख्या असेल तर ती मित्रांना सांगायला ठीक.

आधी, नेमकं काय दिसतंय ते

अवकाशात फिरणारा कण म्हणजे उल्काकण. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०१७ च्या व्याख्येनुसार साधारण ३० मायक्रोमीटरपासून १ मीटरपर्यंतचा घन पदार्थ यात मोडतो. तो वातावरणात शिरल्यावर दिसणारा प्रकाश म्हणजे उल्का, आणि त्यातून वाचून जमिनीवर पोचलेला दगड म्हणजे अशनी. मिथुन उल्कावर्षावातले बहुतेक कण वाळूच्या किंवा लहान खड्यांच्या आकाराचे असतात, त्यामुळे अशनी शोधायला शेत तुडवण्यात अर्थ नाही.

हे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. एका ग्रॅमच्या कणात या वेगाला सुमारे ६ लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे एक टन वजनाची मोटार ताशी १२६ किलोमीटरने धावत असताना तिच्यात असते तेवढी. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर हवेचे रेणू या कणावर आदळू लागतात, पृष्ठभाग तापतो, पदार्थाची वाफ होते. वाफेतले अणू पुन्हा हवेच्या रेणूंवर आपटतात, उत्तेजित होतात आणि प्रकाश सोडतात. आपल्याला दिसते ती रेघ मुख्यतः या तापलेल्या वाफेची आणि हवेची असते. कण स्वतः एवढा लहान की तो दिसायचा प्रश्नच नाही. 'हवेशी घासून जळते' हे शाळेतलं वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. घासण्यापेक्षा आदळणं आणि बाष्प होणं महत्त्वाचं, आणि जळायला म्हणावा असा ऑक्सिजन तिथे नसतोच.

वर्णपटात सोडियमची पिवळी रेषा (५८९ नॅनोमीटर), मॅग्नेशियमची हिरवी (५१७ च्या आसपास) आणि लोहाच्या अनेक रेषा दिसतात. मिथुन उल्कांमध्ये सोडियम अनेकदा कमी भरतं आणि याचं कारण त्यांच्या कक्षेत आहे. त्या ज्या प्रवाहातून येतात तो सूर्याच्या फार जवळून, ०.१४ खगोलीय एककावरून जातो. हे अंतर सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटर, बुधाच्याही बरंच आत. तिथे कण इतके भाजून निघतात की हलकं, लवकर उडून जाणारं सोडियम आधीच निघून जातं.

या प्रवाहाचा जनकही वेगळा. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात : ऑगस्टमधला ययाती (पर्सियस) तारकासमूहाचा स्विफ्ट-टटलपासून, नोव्हेंबरमधला सिंहाचा टेम्पल-टटलपासून. मिथुनेचा प्रवाह मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाशी जोडला जातो. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त दुर्बिणीच्या उपग्रहाने तो टिपला आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या लगेच लक्षात आलं. फेथॉन पाच-सहा किलोमीटर रुंद, दीड वर्षाच्या आत सूर्याभोवती एक फेरी मारणारा आणि दिसायला दगडी. सूर्याजवळ त्याला शेपूट फुटतं, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार ते शेपूट मुख्यतः सोडियम वायूचं आहे, धुळीचं नाही. मग एवढा दाट धुळीचा प्रवाह आला कुठून? सूर्याजवळून जाणाऱ्या पार्कर सोलर प्रोब या यानाच्या नोंदी आणि संगणकीय प्रतिरूपं जोडून पाहणारे काही संशोधक म्हणतात की पूर्वी कधीतरी मोठी उलथापालथ झाली असावी. प्रश्न खुला आहे. तो सोडवताना प्रवाहात कोणत्या आकाराचे कण कुठे आहेत हे कळावं लागतं, आणि तिथे दरवर्षीच्या साध्या मोजण्या उपयोगी पडतात.

कधी

ययातीचा वर्षाव जगभर गाजतो, पण १२-१३ ऑगस्टला महाराष्ट्र आणि गोव्यात आकाश कुठे दिसतं? त्याच्या नावाने पावसात भिजण्यात मुद्दा नाही. मिथुनेचा वर्षाव मात्र आपल्यासाठीच केल्यासारखा : कोरडी हवा, लांब रात्र आणि आकाशात उंच चढणारा उगमबिंदू. उच्चांक दरवर्षी १४ डिसेंबरच्या आसपास.

उगमबिंदू कॅस्टरजवळ असतो, म्हणजे पुनर्वसूच्या जोडीतल्या उत्तरेकडच्या ताऱ्यापाशी. महाराष्ट्रातून (अक्षांश १९ धरून) उच्चांकाच्या रात्री तो संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो. रात्री दहाला तो साधारण २८ अंश उंचीवर असतो, बाराला ५३ अंश, आणि अडीचच्या सुमारास ७६ अंशांवर, जवळजवळ माथ्यावर. जेवण करून आठ वाजता गच्चीवर गेलेल्यांची निराशा होते ती यामुळे. रात्री अकराच्या आधी मोजणीला बसू नका. जमलं तर १२ ते ४ ठेवा.

चंद्र नक्की पाहा. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला येते, त्यामुळे १३-१४ आणि १४-१५ या दोन्ही रात्री चंद्रकोर मध्यरात्रीच्या आत मावळते आणि पुढचं आकाश स्वच्छ मिळतं. दोन्ही रात्री बसा. या प्रवाहात बारीक कण आणि मोठे कण थोडे वेगळे झाले आहेत : उच्चांकाआधी मंद उल्का जास्त, नंतर तेजस्वी उल्कांचं प्रमाण वाढतं. आणि उच्चांक ओसरला की संख्या झपाट्याने घसरते, चढताना लागतो त्याहून कमी वेळात. हा उतार तुमच्या दोन रात्रींच्या नोंदीत स्वतःला दिसेल.

भारतातल्या मोजणीला एक जास्तीचं मोल आहे. आपल्याकडे रात्रीचा एक ते पाच म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीचे १९:३० ते २३:३०. या वेळेच्या सुरुवातीला पश्चिम युरोपात उगमबिंदू अजून खाली असतो. जपानात पहाट उजाडू लागलेली असते. दोन्हीकडे निरीक्षक भरपूर आहेत, मधल्या पट्ट्यात कमी. उल्कांच्या संख्येचा जागतिक आलेख सलग हवा तर या पट्ट्यातून कुणीतरी मोजायला हवं.

जागा

शहरापासून साठ-सत्तर किलोमीटर लांब आणि घाटाच्या आड गेलात तर फरक लगेच जाणवतो. मुंबईची हौशी मंडळी अनेक वर्षं वांगणी-नेरळच्या बाजूला जात आली आहेत. पुणेकरांना जुन्नर, भोर, वेल्ह्याकडचा भाग सोयीचा. क्षितिजावर एखाद्या गावाचा उजेड असला तरी चालतो, फक्त तो पाठीमागे ठेवा. थेट डोळ्यात येणारा एकही दिवा नको. फार्महाउसच्या मालकाला आवारातला हॅलोजन बंद करायला आधीच सांगून ठेवा, रात्री एकला त्याला उठवायची वेळ येऊ देऊ नका.

बसू नका, आडवे व्हा. चटई, वर सतरंजी, अंगावर घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग. सह्याद्रीत डिसेंबरच्या पहाटे दव एवढं पडतं की पांघरूण वरून ओलं होतं, म्हणून एक प्लास्टिकचं कापड जवळ असू द्या. चहाचा थर्मास हवाच. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती मेहनत वाया जाते. विजेरीवर लाल जिलेटीन कागद दुपदरी लावा, मोबाइल विमान मोडवर टाकून पालथा ठेवा.

नजर कुठे

उगमबिंदूकडे टक लावून बघायचं नाही. तिथल्या उल्का जवळजवळ तुमच्या दिशेने येत असतात, त्यामुळे त्यांच्या रेघा आखूड आणि संथ दिसतात. उगमबिंदूपासून २० ते ४० अंश दूर, ५० ते ७० अंश उंचीवर नजरेचा मध्य ठेवा. मध्यरात्रीनंतर मृग, रोहिणी किंवा ब्रह्महृदयाच्या आसपासचा भाग सोयीचा. पहाटे मृग पश्चिमेला उतरला की मघेकडे वळा. मध्य बदलला तर तीही वेळ टिपा.

आकाशाची मर्यादा : इथे घाई नको

सगळ्या हिशोबात सर्वांत नाजूक आकडा म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत. तारा जितका मंद तितका प्रतीचा आकडा मोठा : व्याध उणे १.५, ब्रह्महृदय ०.१, रोहिणी ०.९, ध्रुव २.०. उत्तम अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना साधारण ६.५ पर्यंतचे तारे दिसतात, मोठ्या शहराच्या मध्यात ३.५ ते ४ पर्यंत.

मर्यादा एका अंकाने घसरली की दिसणाऱ्या मिथुन उल्कांची संख्या २.६ पटीने कमी होते, कारण मंद उल्का तेजस्वी उल्कांपेक्षा कितीतरी जास्त असतात. झेडएचआर १५० असताना, उगमबिंदू ७० अंशांवर असेल तर ६ प्रतीच्या आकाशातून तासाला सुमारे ८७ उल्का दिसतात. त्याच तासाला ४ प्रतीच्या शहरी गच्चीवरून? जेमतेम १३. व्हॉट्सअॅपचा निरोप आणि गच्चीवरची निराशा यांच्यातलं अंतर हेच.

ढोबळ अंदाजासाठी कृत्तिका पुरतात. नुसत्या डोळ्यांनी सहा तारे सुटे दिसले तर मर्यादा ४.३ च्या पुढे आहे. पुढच्या टप्प्यावरचा प्लायोनी ५.१ च्या आसपास आणि सेलिनो साधारण ५.५ प्रतीचा; पण प्लायोनी शेजारच्या ॲटलसला इतका खेटून आहे की चांगल्या नजरेलाही तो सहसा सुटा होत नाही. नेमकेपणा हवा असेल तर स्टेलेरियमसारखं ताऱ्यांचा नकाशा दाखवणारं ॲप दिवसा उघडा, मिथुन आणि मृगाच्या परिसरातले ४.० पासून ६.५ पर्यंतचे आठ-दहा तारे निवडा, त्यांच्या प्रती कागदावर उतरवून ठेवा. रात्री तिरक्या नजरेने पाहताना त्यांपैकी शेवटचा कोणता टिकतो ते दर अर्ध्या तासाने बघा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेने ठराविक त्रिकोण-चौकोनांतले तारे मोजून मर्यादा काढायचे तक्तेही केलेले आहेत. सवय झाली की ते जास्त भरवशाचे.

नोंद

प्रत्येक उल्केला तीन गोष्टी : वेळ, कोणत्या वर्षावाची, प्रत.

लिहायला मान खाली घातली की पुढची उल्का सुटते. म्हणून आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला घड्याळ बघून वेळ बोला, मग प्रत्येक उल्केला दोनच शब्द : "मिथुन, दोन", "तुरळक, तीन". उच्चांकाच्या तासात दर पंधरा मिनिटांनी वेळ पुन्हा बोला, म्हणजे सकाळी ऐकताना तुकडे पाडता येतात.

मिथुनेची उल्का ओळखायची कशी? तिचा मार्ग मनातल्या मनात मागे ओढा. रेघ कॅस्टरजवळ पोचली पाहिजे. वेग मध्यम हवा. उगमबिंदूजवळ लांबलचक रेघ दिसली तर ती मिथुनेची नाही, कारण तिथे रेघा आखूडच दिसायला हव्यात. वर्षावातल्या उल्केची रेघ सहसा उगमबिंदूपासूनच्या अंतराच्या निम्म्याहून लांब नसते. न जुळणारी प्रत्येक उल्का 'तुरळक' म्हणून टिपायची. तुरळक उल्का टाकून देऊ नका. तुमचे डोळे आणि आकाश नेहमीसारखं चाललंय का, हे त्यांच्यावरूनच तपासता येतं.

प्रत ठरवताना शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करा : पोलक्स १.१, कॅस्टर १.६, मृगाच्या पट्ट्यातला मधला तारा १.७ आणि त्याच पट्ट्यातला सर्वांत मंद २.२. अर्ध्या प्रतीने चुकलात तरी बिघडत नाही; शंभर उल्कांमध्ये चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात.

गटाने गेलात तर एक नियम कडक पाळा : प्रत्येकाची मोजणी वेगळी. चौघांनी मिळून 'ती बघ, ती बघ' करत एकूण ९० मोजल्या, तर तो आकडा कुणाच्याच कामाचा नाही. सगळं सूत्र एका माणसाच्या दृष्टिक्षेत्रावर उभं आहे. ओरडायची हौस असेल तर ओरडा, पण दुसऱ्याच्या ओरडण्याने मान वळवून पाहिलेली उल्का स्वतःच्या नोंदीत घालायची नाही.

उठलात, पाणी प्यायलात, व्याधाकडे बोट दाखवून कुणाला समजावत बसलात, ती मिनिटं वजा करा. उरलेला वेळ म्हणजे खरा निरीक्षणकाळ. ढगांचं तसंच : दृष्टिक्षेत्राचा पाचवा भाग झाकला असेल तर गुणक १ ÷ (१ − ०.२) म्हणजे १.२५. निम्म्याच्या आसपास झाकलं गेलं तर मोजणी थांबवून चहा घ्या.

हिशोब

सूत्र असं :

झेडएचआर = (मिथुन उल्कांची संख्या × ढगांचा गुणक × २.६ चा [६.५ − मर्यादा] हा घात) ÷ (तासांतला निरीक्षणकाळ × उगमबिंदूच्या उंचीचं साइन)

उदाहरण घेऊ. रात्री १ ते २ या तासात तुम्ही ५४ मिनिटं खरोखर पाहत होता, म्हणजे ०.९ तास. मर्यादा ५.५, ढग नाहीत, मिथुन उल्का ४०. दीड वाजता उगमबिंदूची उंची सुमारे ७० अंश, त्याचं साइन ०.९४. वरची बाजू : ४० × १ × २.६ = १०४. खालची : ०.९ × ०.९४ = ०.८५. उत्तर सुमारे १२३. त्रुटी काढायला उत्तराला संख्येच्या वर्गमुळाने भागा : १२३ ÷ ६.३, म्हणजे अधिक-उणे २०. दुसऱ्या कुणाला १४० आला आणि तुम्हाला १२३, तर भांडण करू नका. दोन्ही एकच सांगताहेत.

मर्यादा ५.५ ऐवजी ५.० लिहिली असती तर हेच उत्तर १९८ वर गेलं असतं. आकाशाच्या मर्यादेवर एवढा वेळ घालवला तो यासाठी.

उगमबिंदू २० अंशांच्या खाली असताना किंवा मर्यादा ५ च्याही आत असताना केलेली मोजणी गुणकांनीच फुगते. शहरातून बसायला हरकत नाही, मजा येतेच, पण त्या उत्तरावर फार विसंबू नका.

कॅमेरा

डोळ्यांची मोजणी आणि कॅमेरा ही वेगळी कामं. १४ ते २४ मिलिमीटरची भिंग, एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, दहा ते वीस सेकंदांचे सलग फोटो, इंटरव्हलोमीटरवर (ठराविक अंतराने आपोआप फोटो काढणारं साधन). फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने करून भिंगाच्या कड्याला चिकटपट्टी लावा. दव हा इथला शत्रू. भिंगाभोवती बॅटरीवर चालणारा उबदार पट्टा गुंडाळला नाही तर तीन वाजता सगळे फोटो धुरकट निघतात. मोबाइलवर प्रो मोड वापरा. नाइट मोड अनेक चौकटी एकत्र करतो आणि त्यात क्षणभराची रेघ पुसली जाऊ शकते.

कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदापर्यंत जुळवा, कारण खरी गंमत दोन ठिकाणांहून एकच उल्का टिपण्यात आहे. ६० किलोमीटर अंतरावरचे दोन कॅमेरे १०० किलोमीटर उंचीवरची उल्का ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ३० अंश सरकलेली दाखवतात. त्यावरून उंची निघते, वेग निघतो आणि शेवटी त्या कणाची सूर्याभोवतीची कक्षा. ग्लोबल मीटिअर नेटवर्क हे काम जगभर रास्पबेरी पाय हे छोटे स्वस्त संगणक आणि साधे सुरक्षा कॅमेरे यांच्या जोरावर रोज रात्री करतं. त्याची संगणकप्रणाली आणि माहिती दोन्ही खुल्या आहेत. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेल्या कॉलेजच्या गटाला एवढ्या पैशांत मिळणारा याहून चांगला प्रकल्प मला ठाऊक नाही.

उल्का नसलेल्या गोष्टी

विमानाचे दिवे लुकलुकतात, उपग्रह सावकाश आणि एकसारखा सरकतो. दोन रात्रींत ओळखता येतात. कोसळणारं अवकाशयानाचं सामान फसवं असतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळती रांग पाहिली, 'उल्कापात' म्हणून चित्रफिती फिरल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचे अवशेष होते ते. फरक वेगात आहे : असं सामान सेकंदाला आठेक किलोमीटरने येतं, तुकडे होत होत मिनिटभर आडवं सरकत राहतं. उल्का सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटरने येते आणि बहुधा एक-दोन सेकंदांत संपते.

शुक्राहूनही तेजस्वी उल्का दिसली तर ती अग्निगोल. वेळ, दिशा, सुरुवातीची आणि शेवटची उंची आणि आवाज आला का, एवढं लगेच टिपा. आवाज आलाच तर तो मिनिटा-दोन मिनिटांनी येईल, म्हणून घड्याळ बघत थांबा. दगड पडलेला खरंच सापडला तर त्याला पाण्याने धुऊ नका, चुंबक घासू नका, फोटो आणि जागेची नोंद घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. भारतात अशनींचा अधिकृत ताबा त्यांच्याकडे असतो.

सकाळी

झोप काढा, पण त्याच दिवशी रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवा. दोन दिवसांनी स्वतःचाच आवाज कळत नाही. प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी एक ओळ : सुरुवात, शेवट, खरा निरीक्षणकाळ, मर्यादा, ढगांचा गुणक, मिथुन किती, तुरळक किती, आणि खाली प्रतींची विभागणी. एखाद्या पावतासात शून्य आलं तरी ती ओळ गाळायची नाही.

वेळा जागतिक वेळेत लिहा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. तारखेकडे लक्ष असू द्या : १५ डिसेंबरच्या पहाटे दोन म्हणजे जागतिक वेळेनुसार १४ डिसेंबर, २०:३०. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून हा तक्ता अर्जात भरता येतो. मिथुनेसाठी तिथे जीईएम, तुरळकांसाठी एसपीओ असे संकेत आहेत. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून आदल्या दिवशीच उतरवून ठेवले असतील तर अर्ज भरायला फार वेळ लागत नाही, आणि काही वेळाने त्या वर्षाच्या आलेखावर तुमच्या तासांची भर पडलेली दिसते.